सायकसची नवी पालवी दर वेळी बिघडते? आधी हे तपासा

सायकस वर्षातून एकदा, फार तर दोनदा पालवतो. मधल्या पोंग्यातून (माथ्यावरच्या कोंबातून) सगळी पानं एकदम वर येतात, उष्णतेप्रमाणे चार ते सहा आठवड्यांत कडक होतात आणि मग पुढची दोन-तीन वर्षं झाड त्याच पानांवर जगतं. म्हणून या महिना-दीड महिन्यात काही बिघडलं, तर ते वर्षभर डोळ्यांसमोर राहतं. करपलेली, आकसलेली किंवा खाल्लेली पाती (पानाच्या दांड्यावरचं अरुंद छोटं पातं) पुन्हा सरळ होत नाही. कुठलंही खत किंवा औषध तिला परत आणू शकत नाही. उपाय करायचा तो पुढच्या पालवीसाठी, आणि तोही ती पालवी येण्याआधी.

बहुतेक जण इथेच फसतात. पान पिवळं दिसलं की आधी पाणी वाढवतात, मग खत घालतात, मग एखादं बुरशीनाशक. तोवर झाडाचा मूळ आजार बाजूलाच राहतो आणि मुळं मात्र सडायला लागतात. तेव्हा पहिला आठवडा काहीही घालू नका, फक्त बघा.

इथे लिहिलेलं मुख्यतः सायकस रेव्होल्यूटाला लागू आहे. नर्सरीत सागो पाम म्हणून मिळतो तो हाच. मूळचा दक्षिण जपानचा, आणि पामशी त्याचं काही नातं नाही. आपल्या पश्चिम घाटातला सायकस सर्सिनॅलिस कुणाकडे असेल तर त्यालाही बहुतेक सगळं लागू पडतं, फक्त त्याला ऊन थोडं कमी आणि पाणी थोडं जास्त चालतं.

लक्षणं

- नव्या पात्या कुरतडलेल्या, पानाचा मधला दांडा तेवढा उरलेला, त्यावर वाळके पिवळे धागे, बुंध्यावर मुंग्यांची ये-जा: अळी.
- पात्या खाल्लेल्या नाहीत, पण पान उमलतानाच पिवळट, आखूड, कुरळं, टोकाकडून तपकिरी आणि कुरकुरीत: मँगनीजची कमतरता.
- पानं वाजवीपेक्षा लांब, पात्या विरळ, दांडे लोळलेले: ऊन कमी.
- एकाच बाजूच्या पानांवर, वरून, फिकट भुरे चट्टे: अचानक कडक ऊन.
- नवी पानं चांगली, खालची जुनी पिवळी: बहुतेकदा साधं वय, कधी मॅग्नेशियम किंवा पालाशची (पोटॅशची) कमतरता.
- पानाच्या मागे पांढरे ठिपके, पुढून पिवळे डाग: खवले कीड.
- सगळीच पानं एकदम मलूल, बुंधा दाबल्यावर मऊ: कूज.
- बुंधा टणक, पण पालवीच येत नाही: फुलोरा, नुकतंच केलेलं स्थलांतर किंवा नुसतीच वाट बघायची वेळ.

दोन लक्षणं एकत्रही दिसतात. विशेषतः कुजलेल्या मुळांचं झाड मँगनीज उचलू शकत नाही, त्यामुळे वरून कमतरता दिसते आणि खरा रोग खाली असतो. हे लक्षात ठेवून पुढच्या तपासण्या क्रमानेच करा. पहिल्या काहींना एक पैसाही लागत नाही.

सुरुवात करण्याआधी

पात्यांची टोकं सुईसारखी टोचतात, म्हणून हातमोजे आणि चष्मा घाला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सायकसचा प्रत्येक भाग विषारी आहे आणि बिया सर्वांत जास्त. त्यातलं सायकसिन यकृतावर घाला घालतं. कुत्र्याला एक-दोन बियाही जिवावर बेतू शकतात. केरळात काही ठिकाणी बियांचं पीठ खातात हे खरं, पण त्यामागे वारंवार भिजवण्याची आणि पाणी बदलण्याची पिढ्यांची पद्धत आहे. घरी प्रयोग करू नका. छाटलेली पानं, गळलेल्या बिया आणि मुळांचे तुकडे उचलून बंद पिशवीत टाका.

१. नवी पानं की जुनी?

झाडासमोर उभं राहून फक्त एवढंच ठरवा: बिघाड सर्वांत आतल्या वर्तुळात आहे की सर्वांत बाहेरच्या? सायकसची पानं पालवीगणिक वर्तुळात येतात, त्यामुळे हे सहज कळतं.

नवी पालवी आल्यावर सर्वांत जुनं वर्तुळ पिवळं पडून वाळतं. हा रोग नाही. झाड त्या पानांतलं अन्न ओढून नव्यांना देत असतं. म्हणून पिवळं पान कापू नका, पूर्ण तपकिरी झालं की कापा. बंगल्यांच्या बागेत माळी दर पावसाळ्याआधी सगळी खालची पानं छाटून बुंधा ‘साफ’ करतात. त्यामुळे पुढची पालवी लहान येते आणि पालाशची कमतरता दर वर्षी थोडी वाढते.

जुन्या पानांवर रुंद पिवळा पट्टा आणि मधल्या दांड्याजवळचा भाग मात्र हिरवा असेल, तर मॅग्नेशियम कमी आहे. टोकाकडून पिवळं होत तपकिरी होत असेल तर पालाश. बारा इंची कुंडीला पहिल्यासाठी ५ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, दुसऱ्यासाठी ५ ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश, पाण्यात विरघळवून, दोन महिन्यांतून एकदा. याउपर जुन्या पानांची काळजी करू नका.

पालवीच आली नसेल तर पोंग्यात बघा. नर झाडाला मक्याच्या कणसासारखा लांब पिवळट शंकू येतो, मादीला लोकरी भुरा गोळा, आणि पुढे त्यात केशरी-लाल बिया. फुलोरा आला त्या वर्षी झाड पालवी टाळतं, मादी तर हमखास. मुळं-पानं छाटून आणलेला नवा गड्डाही (नुसता बुंधा) वर्षभर गप्प बसू शकतो. बुंधा टणक असेल तर त्याला तसाच राहू द्या.

२. अळी: टॉर्च, पांढरा कागद आणि दहा मिनिटं

पुण्या-मुंबईत, कोकणात, गोव्यात नव्या पालवीचं सर्वांत जास्त नुकसान हीच करते, आणि सर्वांत जास्त चुकीचं निदानही हिचंच होतं. ‘पानं करपली’ म्हणून बुरशीनाशक फवारलं जातं आणि अळी पोटभर खाऊन निघून गेलेली असते.

प्लेन्स क्युपिड नावाचं निळसर, नखाएवढं फुलपाखरू आहे, शास्त्रीय नाव चिलॅडीस पांडवा. ते सायकसच्या कोवळ्या, अजून गुंडाळलेल्या पात्यांवर अंडी घालतं. अंडी फिकट हिरवट-पांढरी, चपटी, टाचणीच्या डोक्याहून लहान. कोंबावरच्या लवेत ती दिसत नाहीत, भिंगाने शोधावी लागतात. दोन-तीन दिवसांत अळी बाहेर येते. सुरुवातीला ती पातीचा पृष्ठभाग खरवडते, मग आत शिरते, आणि मोठी झाली की सबंध पाती संपवते. तिचा रंग हिरवा असतो तसा तांबूस-वाइनसारखाही असतो, म्हणून कोंबाच्या तपकिरी लवेत ती मिसळून जाते. कडक झालेलं पान तिला खाता येत नाही. म्हणजे झाडाला सांभाळायचं ते फक्त पालवी कोवळी असेपर्यंत.

ओळखायचं मुंग्यांवरून. अळीच्या पाठीतून गोड द्रव पाझरतो, तो मुंग्या चाटतात आणि बदल्यात तिची राखण करतात. पोंगा फुगलाय आणि बुंध्यावरून मुंग्या वर चालल्यात, हे दिसलं की त्याच संध्याकाळी तपासा. मुंग्या मारून उपयोग नाही, त्या फक्त पत्ता सांगतात.

पोंग्याखाली पांढरा कागद धरा, कोंब हलकेच झटका. काळपट बारीक दाणे पडले तर ती विष्ठा, म्हणजे अळी आत आहे. टॉर्च तिरका धरून पात्यांच्या गुंडाळीत बघा. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत कोंब अलगद धरून खालून वर सरकवलं तर अळ्या बोटाला लागतात. दोन-चार कुंड्या असतील तर रोज संध्याकाळी एवढं केलं तरी पुरतं.

त्याहून चांगला उपाय म्हणजे मच्छरदाणी. पोंगा फुगून मूठभर झाला, पण पानं अजून सुटी झालेली नाहीत, तेव्हाच झाकायचं. कुंडीत मीटरभर उंचीच्या चार काठ्या रोवा, त्यावर मच्छरदाणीचं कापड टाका, खाली बुंध्याभोवती किंवा कुंडीच्या काठाला सुतळीने बांधा. कापड पानांना टेकू देऊ नका. टेकलं तर पानं वाकडी वाढतात आणि तशीच कडक होतात. शिवाय फुलपाखरू कापडावरून अंडी घालू शकतं. पात्या बोटाला टोचायला लागल्या की काढा. एक दिवस उशीर झाला आणि अंडी आधीच आत असली, तर त्याच मच्छरदाणीत अळ्या निवांत वाढतात. म्हणून झाकण्याआधी कोंब नीट पुसून, तपासून घ्या.

फवारायचंच असेल तर बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजे दुकानात ‘बीटी पावडर’ म्हणतात ती, लिटरला १ ग्रॅम. पावडर ताजी हवी, कडक उन्हात राहिलेलं पाकीट घेऊ नका. उन्हाने तिचा जोर जातो म्हणून संध्याकाळीच फवारा, पाऊस पडला तर पुन्हा, नाहीतर दर पाच-सहा दिवसांनी, पालवी कडक होईपर्यंत. अळीने ती खाल्ली तरच लागू पडते, म्हणून गुंडाळीच्या आतपर्यंत पोचली पाहिजे. लिटरला अर्धा मिली स्टिकर (औषध पानाला चिकटवून ठेवणारा द्रव) टाका, कारण पातीवरची लव पाणी झटकून टाकते. कडुनिंबाचं औषध वापरणार असाल तर १५०० पीपीएमचं लिटरला ५ मिली. पण आधी एकाच पानावर मारून दोन दिवस बघा. कोवळ्या पालवीवर तेल आणि दुपारचं ऊन एकत्र आलं की पात्या भाजतात, आणि मग तो डाग वर्षभर राहतो. बाल्कनीतल्या झाडाला याहून जहाल काही मारायची गरज पडत नाही.

३. ऊन, जागा आणि शेजारचं तणनाशक

पालवी येत असताना कुंडी हलवू नका. फिरवूही नका. कोवळी पानं प्रकाशाकडे वळलेली असतात, दिशा बदलली की ती पिळवटतात. सावलीतलं झाड एकदम गच्चीवर नेलं की जुनी पानंसुद्धा भाजतात. जागा बदलायची तर पालवी कडक झाल्यावर, आणि दोन-तीन आठवडे हिरव्या जाळीखाली ठेवून.

उलट बाजूने, ऊन कमी असेल तर पालवी वर येताना पानं ताणली जातात. दिवसाला चार-पाच तास थेट ऊन नसेल तर रेव्होल्यूटाची आखूड, कडक, आटोपशीर पानं विसरा. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पश्चिमेच्या भिंतीलगत ठेवलेल्या कुंड्यांना मात्र दुपारनंतर आडोसा द्या, कारण भिंत रात्रीपर्यंत उष्णता सोडत राहते आणि कोवळी टोकं करपतात.

पात्या दोरीसारख्या पिळलेल्या, अरुंद, वेड्यावाकड्या असतील आणि सोसायटीच्या लॉनवर नुकतीच तणनाशकाची फवारणी झाली असेल, तर आणखी काही शोधू नका. वाऱ्याने उडालेला तुषार पुरतो. भरपूर पाणी देऊन पाला धुवा आणि पुढच्या पालवीची वाट बघा. तणनाशकाचा पंप औषधाला वापरला असेल तरीही असंच होतं. तो पंप कितीही धुतला तरी सायकसला वापरू नका.

४. पाणी: बांबूची काडी आणि अंगठा

झाऱ्याने रोज थोडं पाणी, खाली ताटली, वर कोकोपीटची गच्च माती: सायकस मारायला एवढं पुरतं. कुंडीच्या काठाशी बांबूची काडी तळापर्यंत खोचा, दहा मिनिटांनी काढा. वरचे दोन इंच कोरडे आणि खाली किंचित ओल असेल तर पाणी द्यायची वेळ झाली. काडी काळपट, चिकट निघाली आणि आंबूस वास आला, तर पाणी तोडा आणि थेट तपासणी ७ कडे जा.

अंगठ्याने बुंधा चहूबाजूंनी दाबा, विशेषतः मातीच्या पातळीला. निरोगी बुंधा दगडासारखा टणक असतो. पोंग्यातली मधली पानं धरून अलगद ओढा. ती सहज निसटून हातात आली तर कूज वरून शिरली आहे.

पालवीच्या काळात मात्र मातीत ओल टिकली पाहिजे. तेव्हा दोन-तीन दिवस पाणी चुकलं तर पात्यांची टोकं उलगडत नाहीत, आकडा होऊन राहतात. पावसाळ्यात ताटली काढून टाका, कुंडी दोन विटांवर ठेवा, भोकं काडीने मोकळी करा.

आता पाणी कोणतं, तेही बघा. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी कुंड्यांना घालायची सवय शहरांत पसरली आहे. त्यात मूळ पाण्याहून जास्त क्षार असतात. कुंडीच्या काठावर, मातीवर पांढरा थर, पात्यांची टोकं एकसारखी करपलेली: कारण हेच. बोअरचं जड पाणीही तसंच. उपाय साधा आहे: कुंडीच्या मापाच्या दोन-तीन पट साधं नळाचं किंवा पावसाचं पाणी सावकाश ओतून तळातून वाहू द्या, महिन्याभराने पुन्हा. एसीच्या नळीतून ठिबकणाऱ्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, ते खुशाल वापरा.

५. खवले कीड: नख आणि भिंग

पान उलटं करा. एक-दीड मिलिमीटरचे पांढरे ठिपके नखाने खरवडा. ओलसर पिवळं-केशरी काही निघालं तर कीड जिवंत आहे, कोरडी पापुद्री निघाली तर मेलेली. मेलेल्या कवचा महिनोन्महिने चिकटून राहतात, म्हणून फवारणीनंतर ठिपके दिसतात म्हणून पुन्हा पुन्हा मारत सुटू नका, दर वेळी नखाने खात्री करा.

सायकसवरची सर्वांत वाईट खवले कीड म्हणजे ऑलाकॅस्पिस यासुमात्सुई. मूळची आग्नेय आशियातली. २००३ मध्ये ती ग्वाम बेटावर पोचली आणि तिथल्या रानातल्या सायकस मायक्रोनेसिकाचा तिने फडशा पाडला. ती नुसती पानांवर थांबत नाही, मुळांवरही बसते. त्यामुळे वरून साफ केलेलं झाड दोन महिन्यांनी पुन्हा पांढरं दिसतं. म्हणून गोळा करायची आवड असणाऱ्यांनी एक शिस्त पाळावी: नवीन आणलेलं झाड दोन महिने बाकीच्यांपासून लांब ठेवायचं, आणि त्याला वापरलेली कात्री स्पिरिटने पुसल्याशिवाय दुसरीकडे लावायची नाही.

कीड थोडी असेल तर सर्वांत जास्त भरलेली पानं कापून पिशवीत बंद करून टाका. बाकी पानांची मागची बाजू मऊ ब्रश आणि साबणाच्या पाण्याने (लिटरला ५ मिली सौम्य द्रव साबण) घासा, मग बागायती खनिज तेल पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात, दर आठ-दहा दिवसांनी तीनदा. तेल कीड गुदमरवून मारतं, म्हणून जिथे लागणार नाही तिथली वाचते. पोंग्यात आणि पानाच्या बुडख्याशी हात घालावाच लागतो. कोवळी पालवी असताना किंवा उन्हाचा पारा ३५ अंशांच्या वर असताना तेल मारू नका.

६. मँगनीज: व्हिनेगर आणि गुलाबी पावडर

देशावर, काळ्या चुनखडीच्या जमिनीत, अळी नसतानाही पालवी आकसते ती बहुधा यामुळे. मातीत मँगनीज असतं, पण सामू (पीएच) ७.५-८ च्या वर गेला की ते मुळांना उचलता येत नाही. कोकण-गोव्याच्या जांभ्या मातीत हा त्रास कमी. तिथे असं दिसलं तर आधी मुळांची कूज तपासा.

मूठभर कोरडी माती बशीत घ्या, वर चमचाभर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर मोकळा चुना आहे. चुना कुठून येतो तेही शोधा: गिलाव्याच्या भिंतीलगतचा वाफा, भरावात टाकलेला बांधकामाचा राडारोडा, कुंडीला आतून दिलेली सफेदी, बोअरचं पाणी. अंड्यांची टरफलं, चुलीची राख, चुन्याची निवळी हे घरगुती ‘टॉनिक’ सायकसला तर अजिबात देऊ नका. ते सगळं सामू वाढवतं.

दुकानात जाताना नाव कागदावर लिहून न्या: मँगनीज सल्फेट. तुम्ही मँगनीज म्हणता आणि पुडीत मॅग्नेशियम सल्फेट येतं, हे नेहमीचं आहे. मँगनीज सल्फेटची पावडर फिकट गुलाबी असते, मॅग्नेशियम सल्फेटचे खडे पांढरे, साखरेसारखे. पांढरी पुडी आली तर परत करा. ती घालून वर्ष निघून जातं आणि पालवी पुन्हा तशीच येते.

पानांवर: २ ते ३ ग्रॅम मँगनीज सल्फेट एक लिटर पाण्यात, थोडा स्टिकर, संध्याकाळी. पालवी बाहेर पडण्याच्या महिनाभर आधी जुन्या पानांवर एकदा, कोंब वीतभर झाल्यावर एकदा, आणखी दोन आठवड्यांनी एकदा.

मातीत: बारा इंची कुंडीला एक सपाट चमचा, साधारण ५ ग्रॅम, विरघळवून. जमिनीतल्या, फूटभर बुंधा असलेल्या झाडाला ३० ते ५० ग्रॅम, पानांच्या घेराखाली पसरून वर भरपूर पाणी. बुंध्याला चिकटवून ढीग घालू नका. चुनखडीच्या जमिनीत हे मँगनीज लवकरच अडकून बसतं, म्हणून तिथे पानांवरची फवारणी जास्त भरवशाची. अशा जमिनीला गंधक घालून आम्ल करत बसण्यात अर्थ नाही, मोकळा चुना स्वतः संपेपर्यंत घातलेलं गंधक खाऊन टाकतो. त्यापेक्षा दीड-दोन फूट उंच ओटा करून, त्यात तांबडी माती आणि जाड वाळू भरून झाड वर घ्या.

परिणाम फक्त नव्या पालवीत दिसेल. पुढची पालवी पूर्ण नाही पण अर्धी सुधारली, तरी निदान बरोबर आहे. दुसऱ्या पालवीपर्यंत चालू ठेवा.

७. मुळं: शेवटचा आणि खर्चिक उपाय

वरच्या सगळ्यांत काही सापडलं नाही, किंवा बुंध्याला मऊपणा आहे, तरच कुंडी पालथी करा. पालवी येत असताना नको.

निरोगी मूळ टणक, आतून पांढरं असतं. कुजलेल्या मुळाची साल बोटांनी ओढली की सबंध निघून येते आणि आत तारेएवढा धागा राहतो. मातीच्या वरच्या थरात पोवळ्यासारख्या, वर वाढणाऱ्या, फाटे फुटलेल्या गाठी दिसतील. त्या गाठी रोग समजून छाटून टाकणारे बरेच आहेत. कापल्यावर आत निळसर-हिरवं वर्तुळ दिसतं, ती नील-हरित शेवाळं आहेत आणि ती हवेतलं नत्र झाडाला देतात. त्यांना हात लावू नका.

कुजलेला भाग धारदार सुरीने कापा, प्रत्येक कापानंतर सुरी स्पिरिटने पुसा. छेद पूर्ण पांढरा-साईच्या रंगाचा दिसेपर्यंत कापत जा. एकही तपकिरी ठिपका उरला तर कूज परत येते. जखमेवर कॉपर ऑक्सिक्लोराइडची पूड चोळा आणि गड्डा सावलीत, हवेशीर, दहा-पंधरा दिवस सुकू द्या. मुळं फार गेली असतील तर पानंही निम्म्याहून जास्त काढा, नाहीतर ती गड्ड्यातलं पाणी ओढून घेतात. मग निव्वळ जाड, धुतलेल्या वाळूत बसवा, एक तृतीयांश ते अर्धा बुंधा मातीवर ठेवून. पहिलं पाणी आठवड्याने, पुढे वाळू कोरडी झाल्यावरच. खत पुढची पालवी येईपर्यंत नाही. नव्या मुळांना काही महिने लागतात. उपटून बघू नका.

मुळं धरल्यावर कायमचं मिश्रण: दोन भाग जाड वाळू किंवा चार-सहा मिलिमीटरची खडी, एक भाग तांबडी माती, एक भाग जुनं शेणखत किंवा नारळाच्या सोडणाचे तुकडे. कोकोपीटची पूड नको, ती पावसाळ्यात आठवडाभर ओली राहते.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

कुत्र्याने किंवा मुलाने बी किंवा पान खाल्लं असेल तर लक्षणांची वाट बघू नका. उलटी करवण्याचे घरगुती उपाय करू नका. त्याच तासात डॉक्टर किंवा पशुवैद्य, सोबत पानाचा फोटो.

दोन पालव्या मँगनीज देऊनही फरक नसेल तर अंदाज पुरे, माती तपासून घ्या. कृषी विज्ञान केंद्र किंवा कृषी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सामू, क्षारता, मुक्त चुना आणि डीटीपीए पद्धतीने मँगनीज व लोह मागा. मँगनीज २ पीपीएमच्या खाली असेल तर ते खरोखर कमी आहे. वर असेल तर दोष मुळांचा किंवा पाण्याचा आहे. अहवाल घेऊन तिथल्या मृदा-तज्ज्ञाशीच बोला.

खवले कीड सोसायटीतल्या अनेक झाडांवर असेल, किंवा मुळांवर सापडली असेल, तर आंतरप्रवाही (झाडात शोषलं जाऊन आतून पसरणारं) औषध लागेल. ते परवानाधारक फवारणी करणाऱ्याकडूनच करून घ्या. मुलं खेळतात त्या जागेत स्वतः मारू नका.

जमिनीतलं, तीन फुटांहून जास्त बुंध्याचं झाड स्वतः उपसू नका. बुंधा भरीव आणि पाण्याने भरलेला असतो, वजन दिसतं त्याच्या कितीतरी पट निघतं. पट्टा, क्रेन आणि झाडं हलवणारी माणसंच हवीत.

रानातून खणलेलं झाड कुणी ‘दुर्मीळ’ म्हणून विकत असेल तर घेऊ नका. सर्सिनॅलिस धोक्यात आहे, आणि आंध्रच्या डोंगरातला सायकस बेडोमी तर वन्यजीव कायद्याच्या यादीत आहे. त्यावर उपचार कसे करावेत हा प्रश्नही वनविभागाला विचारावा लागेल.

आणि गड्डा एक तृतीयांशाहून जास्त मऊ झाला असेल, किंवा पोंगाच हातात आला असेल, तर औषधावर पैसे घालू नका. बुंध्याच्या बाजूला पिल्लं असतील तर ती वाचवा. लिंबाएवढ्याहून मोठं, दाबून टणक लागणारं पिल्लू पहारीच्या टोकाने मुळाशी सोडवा, त्याची सगळी पानं कापा, छेदाला कॉपर लावा, आठवडाभर सावलीत सुकवा आणि अर्धं वाळूत पुरून ठेवा. पिल्लाचा छेद पांढरा नसेल तर तेही टाकून द्या. मूळ झाडाची माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका.